इल्युमिनेटेड स्कोप, एक हिवाळा वापरून: ‘१’ वरचा उजेडच जास्त

स्कोप म्हणजे रायफलवरची निशाणाची दुर्बीण; माझ्यात निशाणाच्या रेषा दिव्याने उजळतात. रात्री शेळ्यांवर येणाऱ्या कायोटींसाठी (कोल्ह्या-लांडग्याच्या जातीतलं जनावर) घेतला. आधी तक्रार. खोक्यावर ‘लाइफटाइम वॉरंटी’ ठळक छापलेलं. ऐन जानेवारीत दिवा लुकलुकायला लागला म्हणून मेल टाकली, तर उत्तर आलं की ती वॉरंटी काचेला आणि नळीला. इलेक्ट्रॉनिक्सला दोनच वर्षं. बरं, दोन तर दोन, माझा स्कोप वर्षाचाही नव्हता. तरी पाठवायचा खर्च माझ्याच माथी. दीडशे डॉलरच्या वस्तूवर वीसेक डॉलर टपालाला घालायचे म्हणजे जिवावर येतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण रडतखडत का होईना, त्यांनी शेवटी वस्तू बदलून दिली.

आम्ही टेक्ससच्या हिल कंट्रीत, फ्रेडरिक्सबर्गच्या पलीकडे. थोड्या शेळ्या आहेत. राखणीला गाढव ठेवलंय (हसू नका, इथे सर्रास ठेवतात आणि ते कायोटीवर खरंच धावून जातं), पण शेळ्या व्यायला लागल्या की एक गाढव कुठे कुठे पुरणार? इथे कायोटी ‘गेम’ जनावरांत (ज्यांच्या शिकारीला सीझन आणि मर्यादा असते अशांत) धरत नाहीत, त्यामुळे सीझन नाही, मर्यादा नाही, आणि खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रात्री दिवा लावूनही मारता येतो. मी तरी निघण्याआधी गेम वॉर्डनला (शिकारीचे नियम बघणारा सरकारी अधिकारी) कळवून ठेवतो; रस्त्यावरून कुणी उजेड बघून फोन केला तर त्याची चक्कर वाचते. भारतातल्या मंडळींनी १९७२ चा वन्यजीव कायदा काढू नये, तो तिथला, आणि तिथे तो हवाच.

‘थर्मल घे’ (अंगाच्या उष्णतेवर चित्र दाखवणारा स्कोप) हा सल्ला आधीच मिळालाय. बऱ्या थर्मलला दोन हजार डॉलरच्या आसपास मोजावे लागतात. तेवढ्यात शेळ्या किती येतील हा हिशोब माझा होऊन गेलाय. म्हणून साधा ३-९×५० (३ ते ९ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ५० मिमी), सेकंड फोकल प्लेन (पट बदलली तरी रेषा तेवढ्याच दिसतात), दिव्याचं रेटिकल म्हणजे निशाणाची फुली, आणि वर लाल टॉर्च. रायफल .२२३.

काचेबद्दल फार लिहीत नाही. या किमतीला कडा थोड्या धूसर दिसणारच. झिरो (फुली आणि गोळी एकाच जागी येण्याची जुळणी) १०० यार्डांवर केला तो हललेला नाही; .२२३ चा धक्का तो केवढा, स्वस्त स्कोपही सहन करतो. निशाण सरकवायचे पाव एमओएचे (एमओए हे कोनाचं माप) क्लिक चौकोनात फिरवून पाहिले, गोळी परत होती तिथेच आली. लोक ५६ मिमीच्या काचेमागे लागतात त्यांच्यासाठी एवढंच: ५० ला ९ ने भागलं की साडेपाच मिमी येतात, म्हणजे ९ पटीवर डोळ्याशी येणारा उजेडाचा झोत तेवढा जाड, आणि पन्नाशीनंतर आपली बाहुली अंधारात तेवढीही धड उघडत नाही. रात्री मी तसाही ५-६ पटीवर असतो. मोठी काच म्हणजे स्कोप धरणाऱ्या रिंगा उंच, आणि मग गाल बटाला (रायफलच्या दस्त्याला) टेकत नाही. मला ५० लाच बटावर फोमचा तुकडा बांधावा लागला.

आता मुख्य दुखणं. जाहिरातीत लिहितात, ‘उजेडाच्या ११ पायऱ्या’. अरे, ११ व्या पायरीचं करू काय? ती भर दुपारसाठी. रात्रीच्या माणसाला १ नंबर किती मंद आहे एवढंच कळायला हवं, आणि नेमकं तेच कुणी लिहीत नाही. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली १ वर दिवा लागलाय की नाही हेही कळत नाही, म्हणून मी खूश होतो. शेतात अर्धा तास अंधारात बसून डोळे सरावले आणि नॉब १ वर नेला, तर आख्खं क्रॉसहेअर निखाऱ्यासारखं पेटलं. रेषांचा लाल उजेड नळीच्या आतल्या भिंतीवर पसरला आणि त्याचं धुकं चित्रावर आलं. शंभर यार्डांवरचे दोन चमकते डोळे दिसत होते, पण त्यामागचं अंग त्या लालीत बुडालं. नुसत्या डोळ्यांवर गोळी झाडायची नसते. ते शेजाऱ्याचं कुत्रं असेल, वासरू असेल, हरीण असेल. लाल टॉर्चमध्ये रंग कळतच नाही. कानांचा आकार, शेपटीचा झुपका आणि चाल यावरच ओळखायचं, आणि मागे काय आहे तेही बघायचं. तेच झाकलं गेलं तर दिवा कशाला हवा?

दिवा बंद करावा तर काळी रेष काळ्या गवतावर सापडत नाही. म्हणजे दोन्हीकडून पंचाईत.

मग जुगाड केला. गाडीच्या किल्लीतली अर्धी उतरलेली सीआर२०३२ काढून स्कोपात घातली. व्होल्टेज कमी, उजेड कमी. १ नंबर एकदम हवा तसा मंद! सगळ्या स्कोपांत हे चालेल असं नाही. काहींचं सर्किट असं असतं की सेल उतरला तरी उजेड तेवढाच, आणि मग एकदम बंद. माझ्यात चाललं. घरातले जुने सेल मी डबीत जमवायला लागलो आणि तेव्हा या स्कोपला मनातल्या मनात चार तारे दिले होते. पण गारठ्यात उतरलेला सेल आणखी बसतो. ‘नॉर्दर’ म्हणजे उत्तरेचं गार वारं सुटलं त्या रात्री सशाच्या किंकाळीच्या कॉलवर (भुलवायला काढलेल्या आवाजावर) कायोटी वाऱ्याच्या खालच्या अंगाने छान आत आला, आणि दिवा गेला. तारे तीनवर.

लुकलुकणं त्यानंतरचं, आणि ते नव्या कोऱ्या सेलवरही व्हायचं, म्हणजे दोष आतल्या संपर्काचा. कंपनीने आधी ‘तपासणीत ठीक आढळला’ म्हणून तोच परत पाठवला. मग मी नॉब हलवताना दिवा जातो-येतो असा व्हिडिओ पाठवला. त्यावर आठवडाभर शांतता, आणि मग एक दिवस दारात नवीन खोकं.

नवीन आल्यावर रात्रीची वाट कोण बघणार? कपड्यांच्या कपाटात दार लावून वीस मिनिटं बसलो. बाहेरून आवाज, “अहो, आत काय करताय?” पण आतलं दृश्य बघून जीव सुखावला. यात फक्त मधला ठिपका पेटतो, आणि १ व २ इतके मंद की सरावलेल्या डोळ्यालाच दिसावेत. प्रत्येक दोन पायऱ्यांमध्ये ‘बंद’ची जागाही आहे, म्हणजे २ वर आणायला ११ वरून उलटं यावं लागत नाही. बाहेर नेला तेव्हा लाल टॉर्चच्या कडेला उभ्या कायोटीच्या खांद्यावर ठिपका बसला, आणि खांद्यावरचे केसही दिसत होते. मॉडेल तेच, खोकं तेच, किंमत तीच, आणि आतला माल वेगळा! म्हणजे ऑनलाइन मागवणाऱ्याच्या हाती कुठला पडेल ते नशीब. मागवलात तर परत करायची मुदत संपायच्या आत अंधारात तपासा, आणि आख्खं क्रॉसहेअर पेटणारा निघाला तर तसाच परत करा.

सध्या चार तारे. पाचवा देणार होतो, पण बॅटरीच्या झाकणाला साधी दोरीही नाही. रात्री सेल बदलताना ते गवतात पडलं, आणि सुटं झाकण विचारलं तर कंपनी बारा डॉलर मागतेय, टपाल वेगळं.