ग्रीसच्या बँका बंद आणि आमची क्रूझ

बडोद्याच्या अलकापुरीतल्या एका ट्रॅव्हल एजंटकडून आम्ही दोघांनी 2015 च्या जुलैची ग्रीक बेटांची क्रूझ घेतली होती. पैसे पूर्ण भरलेले, व्हिसा लागलेला, आणि 29 जूनला कर्जाच्या संकटामुळे ग्रीसमधल्या बँकाच बंद! एटीएमवर दिवसाला 60 युरोची मर्यादा. दांडिया बाजारातल्या सगळ्या नातेवाइकांचे फोन: "जाऊ नका गं!"

एजंटने मात्र दोन दिवस फोनच उचलला नाही. ऑफिसात जाऊन ठाण मांडलं, तेव्हा "बेन, टेन्शन नको" एवढंच. रद्द केलं तर काय कापणार, हेही सांगेना. शेवटी कागद मीच वाचले. तीस वर्षं बँकेत काढलीत, बारीक अक्षरांना भीत नाही. देश अडचणीत आला म्हणून परतावा मिळेल, असं कुठेही नव्हतं. जहाज सुटलं नाही तरच.

जहाज सुटलं, अगदी वेळेवर. जेवणखाण आधीच भरलेलं, वरचा खर्च कार्डावर. ती 60 युरोची अट परदेशी कार्डांना नव्हतीच, हे एजंटला ठाऊक असायला नको? अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरात एटीएमपुढे म्हाताऱ्यांची रांग पाहिली, तेव्हा जीव कसानुसा झाला. सँटोरिनीला दुकानदार रोख दिसली की खूश. मी इथूनच 10 आणि 20 युरोच्या सुट्या नोटा नेल्या होत्या, त्या फार कामी आल्या.

जहाजाला पाचपैकी चार. एजंटला एक, तोही ऑफिसातल्या चहासाठी.