पिल्सनरमधला हॉप्सचा सुगंध: उकळीनंतर की किण्वनानंतर?

घरी हॉप्सप्रधान पिल्सनर, म्हणजे हॉप्स या सुगंधी, कडवट फुलांचा स्वाद पुढे असलेली फिकट लागर (थंडीत आंबवून मुरवलेली बिअर), करू पाहणाऱ्याचे बहुतेक निर्णय तसे ठरल्यासारखेच असतात. पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेले जव), डब्ल्यू-३४/७० किंवा त्याच्या जवळपासचे लागर यीस्ट, कमी क्षारांचे पाणी आणि सात्झ, हालरटाऊ मिटेलफ्रू, टेटनांग यांपैकी एखादा हॉप, एवढ्यावर फारसा वाद होत नाही. वाद होतो तो सुगंधासाठी राखलेल्या शेवटच्या ७०-८० ग्रॅम हॉप्सवर. २० लिटरच्या खेपेत ते उकळ संपल्यावर गरम वॉर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या गोड अर्कात, मुरवावेत, म्हणजे व्हर्लपूल पद्धतीने वापरावेत, की किण्वन आटोपल्यावर थंड बिअरमध्ये टाकावेत, म्हणजे ड्राय हॉपिंग करावे? मी दोन्ही प्रकारांनी पुष्कळ खेपा केल्या आहेत आणि माझा कल आता एका बाजूला झुकलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

परंपरेचा दाखला देऊन हा प्रश्न सुटत नाही. १८४२ मध्ये प्लझेन येथे योसेफ ग्रोल याने पहिली फिकट सोनेरी लागर केली, ती परंपरा हॉप्स उकळीत टाकण्याची. पिल्सनरचा सुगंध म्हणून आपण जे ओळखतो ते तिथूनच आले. दुसरीकडे उत्तर इटलीतील बिरिफिचो इतालियानो या ब्रुअरीच्या आगोस्तिनो आरिओली यांनी १९९६ मध्ये टिपोपिल्स काढली आणि पिंपातल्या इंग्लिश एलमध्ये (उबदार तापमानाला आंबवलेल्या बिअरमध्ये) सुके हॉप्स टाकण्याची रीत लागरला लावून दाखवली. आज ‘इटालियन पिल्सनर’ म्हणून जो प्रकार ओळखला जातो, त्याचे मूळ हेच. तेव्हा दोन्ही वाटा प्रतिष्ठित आहेत. प्रश्न आहे तो घरच्या साधनांवर कोणती झेपते याचा.

चवीपुरते बोलायचे तर ड्राय हॉपिंगची पहिली बाटली व्हर्लपूलच्या बाटलीला सहज मागे टाकते. पेला नाकाजवळ नेताच ताज्या गवताचा, फुलांचा आणि किंचित लिंबासारखा जो दरवळ येतो, तो गरम वॉर्टमधून तितका उघडपणे मिळत नाही, कारण मायर्सीनसारखी हलकी तेले वाफेबरोबर निघून जातात आणि जे उरते त्यातलेही काही किण्वनाच्या वेळी कार्बन डायऑक्साइड आपल्याबरोबर घेऊन जातो. व्हर्लपूलचा सुगंध थोडा मागे राहतो, पण तो माल्टच्या गोडव्यात विरघळलेला असतो आणि घोट गिळल्यानंतर अधिक जाणवतो. केवळ पहिल्या बाटलीवर निर्णय घ्यायचा असता तर हा लेख इथेच, उलट निष्कर्षाने, संपला असता.

माझा निर्णय ज्या एका त्रासाने झाला, त्याला इंग्रजीत ‘हॉप क्रीप’ म्हणतात. हॉप्समध्ये अल्प प्रमाणात विकरे (एन्झाइम) असतात, आणि यीस्टला न पचणारी डेक्स्ट्रिन (माल्टमधल्या लांब साखळीच्या शर्करा) तोडून ती त्यांची पचण्याजोगी साखर करतात. ही गोष्ट नवी नाही. हॉरेस ब्राउन आणि मॉरिस यांनी १८९३ मध्येच ड्राय हॉपिंगच्या संदर्भात तिचे वर्णन केले होते. मला मात्र ती पुस्तकातून नव्हे, बाटल्यांतून कळली. माझ्या दुसऱ्या ड्राय हॉप केलेल्या खेपेत विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर संपत जाते तसे ते घटते) १.०१० वर स्थिरावले होते, तीन आठवडे थंडीत मुरवून झाले होते आणि बिअर अतिशय नितळ होती. मग १२ अंशांवर तीन दिवस ७० ग्रॅम हॉप्स ठेवले, नेहमीप्रमाणे मोजून साखर घातली आणि बाटल्या भरल्या. दोन आठवड्यांनी पहिले झाकण उघडले तेव्हा निम्मी बिअर फेसाबरोबर बाहेर आली, आणि उरलेल्या निम्म्या भागाला वितळलेल्या लोण्याचा वास होता. फेस गेल्यावर मोजलेले गुरुत्व १.००७ भरले. वरवर पाहता हा तीन अंकांचा फरक क्षुल्लक वाटतो, पण तेवढ्या साखरेतून सुटणारा वायू आपण बाटलीसाठी मुद्दाम घालतो त्या साखरेच्या वायूशी बरोबरी करतो. म्हणजे बाटलीतला दाब जवळपास दुपटीकडे जातो. उरलेल्या सगळ्या बाटल्या गार करून, टॉवेलात गुंडाळून, एकेक करून उघडाव्या लागल्या.

लोण्याचा वास डायसेटिलचा. नव्याने सुटलेल्या साखरेवर यीस्ट पुन्हा जागे होते, डायसेटिलचे पूर्वद्रव्य बाहेर टाकते, आणि थकलेले, बहुतांश तळाशी बसलेले यीस्ट ते आवरू शकत नाही. एलमध्ये हा दोष थोडाफार झाकला जातो. पिल्सनरमध्ये त्याला लपायला जागाच नसते.

यावर उपाय आहेत आणि ते मी करून पाहिले आहेत, हे न सांगणे अन्यायाचे होईल. किण्वन संपत आले असताना, यीस्ट अजून तरतरीत असताना १४-१६ अंशांवर हॉप्स टाकावेत, गुरुत्व सलग तीन दिवस स्थिर दिसेपर्यंत थांबावे, थोडी बिअर झाकलेल्या भांड्यात साधारण ६० अंशांपर्यंत वीस-तीस मिनिटे गरम करून, मग गार करून लोण्याचा वास येतो का ते तपासावे, आणि त्यानंतरच थंडीत न्यावे. हे सर्व नीट केले तर बिअर चांगली होते. पण आधीच पाच-सहा आठवडे मागणाऱ्या बिअरला आणखी आठवडाभर राखण करत बसावे लागते, आणि ज्या ताज्या दरवळासाठी हा खटाटोप केला तोच पुढच्या चार आठवड्यांच्या मुरण्यात हळूहळू ओसरतो, ही गोष्ट मला पटेनाशी झाली. त्यात हॉप्स टाकायला फर्मेंटरचे झाकण उघडले की हवा आत जाते. माझ्या अनुभवात अशा बाटल्यांचा सुगंध दीड महिन्यात ओल्या पुठ्ठ्याकडे झुकतो. इतरांना कदाचित अधिक काळ मिळत असेल.

व्हर्लपूल पद्धत निर्दोष आहे असे नाही. पिल्सनर माल्टमधून उकळीनंतरही डायमिथिल सल्फाइड तयार होत राहते आणि उकळ थांबल्यामुळे ते उडून जात नाही. म्हणून वॉर्ट तासभर तसेच गरम ठेवले तर उकडलेल्या मक्याचा वास येण्याचा धोका खरा आहे. मी उघड्या भांड्यात ९० मिनिटे जोरदार उकळ देतो, थंड पाण्याच्या कॉइलने तापमान झपाट्याने ७८ अंशांवर आणतो, मग हॉप्स टाकून २५ मिनिटे झाकून ठेवतो आणि लगेच पुढचे थंड करणे सुरू करतो. या तापमानाला हॉप्सचा कडवटपणा वॉर्टमध्ये हळू उतरतो, पण उतरतो. त्याचा नेमका हिशेब सूत्रांवर सोडण्यापेक्षा मी हे हॉप्स दहा मिनिटे उकळले आहेत असे धरतो आणि सुरुवातीचे कडवट हॉप्स तेवढ्या प्रमाणात कमी करतो. यातून जीभ समाधानी राहिली आहे, एवढेच पुराव्यादाखल सांगू शकतो. मोठा लाभ असा की उष्णतेने विकरे बरीचशी निकामी होतात, आणि त्याआधी जी साखर सुटली असेल ती मुख्य किण्वनातच संपते. बाटली भरताना गुरुत्व जे दिसते तेच खरे असते.

ज्याच्याकडे केग (दाब सहन करणारे धातूचे पिंप) आहे, हवा न शिरू देता हॉप्स टाकण्याची सोय आहे, सगळी बिअर थंडच राहणार आहे आणि तीन-चार आठवड्यांत संपणार आहे, त्याने ड्राय हॉपिंग अवश्य करावे. लिटरला ३ ग्रॅमपासून सुरुवात केली तर माल्ट दबत नाही. बाटल्या भरणाऱ्याला, विशेषतः पहिलीच लागर करणाऱ्याला, मी तेच हॉप्स लिटरला ४ ग्रॅम या हिशेबाने गरम वॉर्टमध्ये टाकण्यास सुचवेन. ते सैलसर कापडी पिशवीत बांधून सोडावेत, म्हणजे गाळ कमी जातो. माझी पिशवी मुळात ड्राय हॉपिंगसाठी घेतलेली होती. आता ती उकळीच्या भांड्यातच वापरतो.