लॅमिंग्टन रोडवरचा सीएच३४० अ‍ॅडॉप्टर: रास्पबेरी पायच्या कन्सोलसाठी उत्तम

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणारा, सीएच३४० चिपचा हा यूएसबी-टीटीएल अ‍ॅडॉप्टर रास्पबेरी पाय (थोडक्यात ‘पाय’) या छोट्या संगणकाच्या सिरियल कन्सोलला, म्हणजे वायरींवरून दुसऱ्या संगणकावर उघडणाऱ्या टेक्स्ट स्क्रीनला, अगदी पुरेसा आहे. फक्त अ‍ॅडॉप्टरवरचा व्होल्टेज निवडायचा जंपर ३.३ व्होल्टवर आहे ना, ते आधी बघाच. पायच्या पिना ५ व्होल्ट सोसत नाहीत. वायरी तीनच: पायची पिन ६ अ‍ॅडॉप्टरच्या ग्राउंडला, ८ आरएक्सला (डेटा घेणारी पिन), १० टीएक्सला (डेटा पाठवणारी पिन). पायला स्वतंत्र सप्लाय असेल तर अ‍ॅडॉप्टरची व्हीसीसी ही वीज देणारी पिन मोकळी सोडा.

लिनक्सच्या कर्नलमध्ये ड्रायव्हर असतोच. तरी उबुंटू २२.०४ वर पोर्ट क्षणभर दिसून गायब होतो आणि लोक अ‍ॅडॉप्टर दुकानात परत करायला निघतात. दोष त्याचा नाही! ब्रेल डिस्प्लेसाठीची ब्रलटीटीवाय ही सेवा अ‍ॅडॉप्टरचा १ए८६:७५२३ हा यूएसबी आयडी आपल्याच उपकरणाचा समजून पोर्ट बळकावते. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर ते पॅकेज काढा आणि अ‍ॅडॉप्टर पुन्हा लावा. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर युजरला डायलआउट ग्रुपमध्ये (सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या गटात) घालून पुन्हा लॉगइन करा.

वेग ११५२०० बॉड. मिनिकॉम या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद ठेवा, नाहीतर अक्षरं दिसतात पण टाइप केलेलं पोचत नाही.

घेताना बोर्डावर क्रिस्टल (चिपला ठराविक ठोके देणारा भाग) दिसला नाही तरी चालेल. सीएच३४०सी चिपमध्ये तो लागत नाही, ३४०जीला मात्र लागतो.