दाराशेजारचा सेन्सर दिवा : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

घराच्या मुख्य दाराबाहेर, पायऱ्यांच्या बाजूच्या भिंतीवर, हालचाल टिपून आपोआप लागणारा दिवा बसवून आता बरेच महिने झाले आहेत. या काळात कडक ऊन, सलग पाऊस आणि थंडी असे सगळे हवामान त्याने सोसले असल्यामुळे त्याच्याविषयी ठामपणे काही लिहिता येईल असे वाटते. अशा दिव्याने समाधान होईल की डोकेदुखी, हे त्याच्या उजेडावर फारसे अवलंबून नसते. सेन्सरची नजर कोणत्या वाटेवर आणि कोणत्या बाजूने पडते यावर ते ठरते. खोक्यावर मात्र वॅट आणि ल्यूमेन (उजेडाचे माप) ठळक अक्षरांत असतात आणि सेन्सरचा कोन व पल्ला कुठेतरी कोपऱ्यात, बारीक टायपात.

निवडीचा पहिला प्रश्न सेन्सरच्या प्रकाराचा होता. घरगुती दिव्यांत मुख्यतः पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) आणि मायक्रोवेव्ह असे दोन प्रकार आढळतात. पीआयआर सेन्सर स्वतः काहीही बाहेर सोडत नाही. माणसाच्या शरीरातून सतत बाहेर पडणारी अवरक्त उष्णता, जिची तरंगलांबी साधारण ९ ते १० मायक्रोमीटर असते, ती तो टिपतो. समोरची दुधी, खाचाखाचांची प्लॅस्टिकची भिंगे त्याच्या दृष्टिक्षेत्राचे पंख्यासारखे पट्टे पाडतात आणि एखादे उबदार शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेले की आतील दोन संवेदी भागांवर पडणाऱ्या उष्णतेत फरक पडून दिवा लागतो. मायक्रोवेव्ह सेन्सर याउलट स्वतः लहरी सोडतो, बहुतेकदा ५.८ गिगाहर्ट्झच्या, आणि हलत्या वस्तूवरून परतताना त्यांच्या वारंवारतेत होणारा बदल ओळखतो. तो दिव्याच्या काचेआड लपवता येतो, त्यामुळे दिवा देखणा दिसतो. परंतु त्या लहरी लाकडी दारातून आणि पातळ भिंतीतूनही आरपार जातात. म्हणजे घरातील माणूस दाराआड फिरला तरी बाहेरचा दिवा लागू शकतो, आणि वाऱ्याने हलणारी फांदीही त्याला पुरते. दाराबाहेरच्या जागेसाठी म्हणून मी पीआयआर घेतला. बंदिस्त जिना किंवा वळणाचा बोळ असता तर कदाचित उलट निर्णय घेतला असता, कारण तिथे कोपऱ्याआडची हालचाल टिपण्याचा मायक्रोवेव्हचा गुण उपयोगी पडतो.

पीआयआर दिव्यांतही एक गोष्ट मी आवर्जून पाहिली : सेन्सरची गोल डबी दिव्यापासून वेगळी, खाली-वर आणि डावी-उजवीकडे फिरवता येणारी असावी. काही मॉडेलांत ती दिव्याच्या अंगातच घट्ट बसवलेली असते. ते दिसायला नीटनेटके वाटते, पण मग दिवा जिकडे तोंड करील तिकडेच सेन्सरनेही पाहायचे. उजेड पायऱ्यांवर हवा आणि नजर वाटेवर हवी, हे दोन्ही एकाच दिशेला येणे हा योगायोगच म्हणायचा. त्यानंतर पाहिले ते बाहेरच्या हवेत टिकण्याचे अंक. आयपी ४४ म्हणजे कोणत्याही बाजूने उडणाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण, तर आयपी ६५ म्हणजे धूळ पूर्णपणे अडवणारा आणि पाण्याची धारही सहन करणारा. रुंद छज्ज्याखाली आयपी ४४ पुरतो. माझी भिंत उघडी आहे, तिरका पाऊस थेट आदळतो, म्हणून ६५. उजेडाचा रंग ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर, घेतला. ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र उजेड दुकानात अधिक प्रखर भासतो, परंतु त्यातील निळ्या अंशाकडे किडे जास्त ओढले जातात आणि किडे आले की त्यांच्यामागे पाली येतात, ज्याचा सेन्सरशी थेट संबंध आहे. तो पुढे येईलच.

आता जागेविषयी, कारण खरी मेख इथेच आहे. जुन्या दिव्याचा पॉइंट दाराच्या चौकटीच्या वर, बरोबर मध्यभागी होता आणि तिथेच नवा दिवा लावणे सर्वांत सोपे होते. अडचण अशी की फाटकातून येणारा माणूस त्या जागेकडे सरळ चालत येतो. पीआयआर सेन्सरला आडवे चालणे चटकन दिसते, कारण तेव्हा माणूस एकामागून एक पट्टे ओलांडतो. सरळ समोरून येणारा माणूस मात्र बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतो आणि अगदी जवळ आल्यावर उमगतो. दाराच्या वर लावलेले कितीतरी दिवे माणूस शेवटच्या पायरीवर पोहोचल्यानंतर लागतात त्याचे कारण हेच. दोष यंत्रात नसतो. त्यामुळे दिवा बाजूच्या भिंतीवर घेतला, जिथून चालण्याची वाट सेन्सरसमोरून आडवी जाते. जुन्या पॉइंटपासून तिथपर्यंत वायर नेण्यासाठी पीव्हीसी पट्टी मारावी लागली, ती भिंतीवर दिसते आणि घरातल्या मंडळींना ती आजही आवडत नाही. मला तो सौदा परवडला. उंची सुमारे सव्वादोन मीटर ठेवली. बहुतेक पीआयआर दिव्यांसाठी २ ते २.५ मीटर उंची सुचवलेली असते. त्याहून फार वर गेले तर पायथ्याशी आंधळी जागा वाढते आणि खाली आणले तर पल्ला आखडतो.

जोडणीविषयी फार लिहिण्यासारखे नाही, पण जे आहे ते टाळता येण्यासारखे नाही. घरातील संबंधित एमसीबी (त्या भागाचा वीजपुरवठा तोडणारा स्विच) पाडणे, टेस्टरने वायर मृत असल्याची खात्री करणे आणि मगच हात लावणे हे गृहीतच आहे. वायरिंगची सवय नसेल तर हे काम वायरमनकडे द्यावे. दिव्याचे अंग धातूचे असेल तर अर्थिंगची वायर जोडलीच पाहिजे; एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असेल तर दुहेरी इन्सुलेशन असल्यामुळे तिची गरज नसते. वायर दिव्यात खालच्या बाजूने घेतली आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी आत न जाता त्या झोळावरूनच ठिबकते. भिंत आणि दिव्याची पाठ यांमधील फट वरून व दोन्ही बाजूंनी सिलिकॉनने बंद केली, पण खालची कड मुद्दाम मोकळी ठेवली. चारही बाजू बंद केल्या की आत साचणारा दमटपणा बाहेर पडायला वाटच उरत नाही.

बटण सुरू केल्यावर पहिले अर्धा-एक मिनिट सेन्सर भोवतालची उष्णता जोखत असतो आणि त्या वेळात दिवा मनाप्रमाणे लागतो-विझतो. त्यावरून मत बनवू नये. तळाशी तीन लहान खटके असतात : दिवा किती वेळ चालू राहावा, संवेदनशीलता किती असावी आणि किती अंधार पडल्यावर काम सुरू व्हावे. चाचणी दिवसा करता यावी म्हणून अंधाराचा खटका सूर्याच्या खुणेवर आणि वेळेचा खटका किमान ठेवला, आणि मग फाटकापासून दारापर्यंत वेगवेगळ्या वाटांनी चालून पाहिले. सेन्सरची डबी थोडी खाली झुकवली की पल्ला कमी होतो आणि रस्त्यावरून जाणारी माणसे-वाहने सुटतात. तरीही रस्त्याचा एक तुकडा त्याच्या नजरेत येतच होता, तेव्हा भिंगाच्या त्या बाजूला आतून काळ्या चिकटपट्टीचा अरुंद तुकडा लावला. संवेदनशीलता कमी करण्यापेक्षा हा उपाय कितीतरी चांगला, कारण उरलेल्या भागातील नजर तशीच तीक्ष्ण राहते. अंधाराचा खटका चंद्राच्या खुणेपासून किंचित अलीकडे आणि वेळ दोन मिनिटांच्या आसपास, अशी आजची मांडणी आहे. वेळ अगदी कमी ठेवली तर किल्ली शोधत उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर दिवा विझतो, आणि मग हात हलवून तो पुन्हा लावण्याचा प्रकार पाहुण्यांना फार मजेदार वाटतो.

महिनोन् महिने वापरल्यावर लक्षात आलेली पहिली गोष्ट उन्हाळ्याची. संध्याकाळीही हवा आणि भिंती तापलेल्या असतात तेव्हा शरीराच्या आणि भोवतालच्या तापमानातील अंतर कमी होते आणि पीआयआरचा पल्ला जाणवण्याइतका घटतो. त्या दिवसांत संवेदनशीलतेचा खटका पुढे सरकवावा लागला आणि थंडीत तो पुन्हा मागे आणला, कारण गारठ्यात तोच सेन्सर फाटकाबाहेरचे मांजरही सोडत नाही. पावसात दिव्याच्या आत पाणी गेले नाही, पण भिंगावर पाण्याचे थेंब साचले की ते अवरक्त किरण शोषून घेतात आणि दिवा उशिरा लागतो. पाऊस थांबल्यावर काही वेळात हे आपोआप सुधारते. खरा त्रास किड्यांचा आणि कोळ्यांचा. भिंगावरून चालणारा कीटक सेन्सरच्या इतका जवळ असतो की त्याची हालचाल मोठी ठरते, आणि पाल तर थेट भिंगाशेजारीच दबा धरून बसते. रात्री उगाच दिवा लागू लागला की बहुतेक वेळा कारण भिंगावर सापडते, फाटकात नाही. मऊ, किंचित ओल्या फडक्याने भिंग आणि भोवतालची जाळी पुसणे एवढाच उपाय. थिनर किंवा तत्सम काही लावल्यास ते प्लॅस्टिक धुरकट होईल.

वीज वाचते का, हा प्रश्न सर्वजण विचारतात. १० वॅटचा दिवा रोज १२ तास जाळला तर वर्षाला सुमारे ४४ युनिट होतात. तोच दिवा सेन्सरमुळे रात्री एकूण अर्धा तास लागला तर उजेडासाठी दोन युनिटही लागत नाहीत. मात्र सेन्सर स्वतः दिवसरात्र जागा असतो आणि तो अर्धा वॅट घेत असेल तर त्याचेच वर्षाला साडेचार युनिटच्या जवळपास होतात. म्हणजे उजेडापेक्षा पहाऱ्याला अधिक वीज लागते! तरीही बचत मोठीच आहे, परंतु ती रात्रभर दिवा चालू ठेवणाऱ्या घरातच दिसेल. जिथे दिवा आठवणीने बंद केला जात होता तिथे बिलात फरक शोधू नये. तिथे फायदा एवढाच की दोन्ही हातांत सामान असताना बटण चाचपावे लागत नाही, आणि वयस्क माणसांना पायरी दिसते. माझ्या लेखी तो पुरेसा आहे.

तक्रारी दोन. एक, आतील एलईडी पट्टी बदलता येत नाही; ती गेली की सेन्सर धडधाकट असूनही सगळा दिवाच बदलावा लागेल. होल्डरचा, बल्ब बदलता येणारा दिवा या बाबतीत सरस, फक्त त्यात बल्ब निवडताना रिलेवरची (दिवा चालू-बंद करणाऱ्या आतील स्विचवरची) एलईडीसाठीची कमाल मर्यादा पाहावी, कारण ती साध्या बल्बच्या मर्यादेपेक्षा बरीच कमी लिहिलेली असते. दुसरी तक्रार, दिवा सतत चालू ठेवायचा असेल तर भिंतीवरचे बटण पटकन दोनदा बंद-चालू करावे लागते आणि घरातील प्रत्येकाला हे साधतेच असे नाही.

सौर सेन्सर दिव्याचा विचार मागच्या दारासाठी केला होता, पण ती भिंत दिवसाचा बहुतेक वेळ सावलीत असते आणि ढगाळ दिवस लागोपाठ आले की त्याची बॅटरी नेमकी अंधारात मान टाकते, म्हणून तो बेत सोडला. तिथेही वायरचाच पीआयआर दिवा घेणार आहे. या वेळी दोन पातळ्यांचा, जो रात्रभर अगदी मंद जळतो आणि कोणी आले की पूर्ण उजळतो. अंधारातून एकदम प्रखर उजेड आल्यावर डोळे दिपतात, तो प्रकार त्यात टळेल असे वाटते.