ऑक्टोबरचा एक शनिवार: मदतीचं जेवण की जिवंत इतिहास?

अमेरिकेत शहर सोडून आत, शेतांच्या मुलखात राहायला आलेल्या मराठी घरांपुढे सप्टेंबर सरता सरता एक पेच येतो. मक्याची काढणी चालू असते, झाडांचे रंग बदलतात आणि रस्त्याकडेला हाताने रंगवलेल्या पाट्या उभ्या राहतात. एकीवर अग्निशमन दलाच्या मदतीसाठी जेवण, दुसरीवर अठराव्या शतकातली छावणी, म्हणजे त्या काळचे कपडे घालून तेव्हाचं जगणं करून दाखवणारा 'जिवंत इतिहास'. नेमके दोन्ही कार्यक्रम एकाच शनिवारी.

जेवणाकडे बरेच जण 'त्यात काय बघायचं' म्हणून दुर्लक्ष करतात, म्हणून आधी त्याबद्दल. तिथल्या खेड्यापाड्यांतली बहुतेक अग्निशमन दलं स्वयंसेवकांची आहेत. दिवसभर शेतात, गॅरेजमध्ये, शाळेत राबणारी माणसं निरोप आला की हातातलं काम टाकून बंब बाहेर काढतात. होजपाइप, अंगावरचा पोशाख, गाडीची दुरुस्ती यांच्या खर्चाला असं एखादं जेवण हातभार लावतं. चर्च, ग्रंथालय, शाळेचं बँड पथक हेही असाच निधी उभा करतात. दारात तिकीट, नाहीतर यथाशक्ती पैसे टाकायला डबा. आत लांबच लांब टेबलं, कोपऱ्यात हाताने शिवलेल्या गोधडीची सोडत आणि घरच्या केकची विक्री.

काही ठिकाणी अंगणात अ‍ॅपल बटर शिजत असतं. नावात बटर असलं तरी लोण्याचा त्यात कणही नाही. सफरचंदाचा गर तासन्‌तास आटवून केलेला तो दाट, तपकिरी मुरंबाच म्हणा. सफरचंदं आदल्या रात्री सोलून ठेवतात. सकाळी लाकडाच्या जाळावर तांब्याची भलीमोठी कढई चढते. ढवळण्याचा दांडा चांगला पुरुषभर लांब असतो, कारण गर उडतो आणि जवळ उभं राहवत नाही. हात थांबला की बुडाला लागलंच, म्हणून पाळ्या लावतात. तुम्ही 'थोडा वेळ मी ढवळू का?' एवढंच विचारा. दांडा हातात येतो आणि अर्ध्या तासात तुमची मुलं कुठल्या बसने शाळेत जातात इथपर्यंत गप्पा पोचतात. नव्या गावात ओळखी करून घ्यायला याहून सोपी वाट मला माहीत नाही.

अडचणीही आहेत. शाकाहारी माणसाची ताटात पंचाईत होते. घेवड्याच्या उसळीतसुद्धा डुकराचं मांस असू शकतं, तेव्हा न लाजता विचारावं. रोख पैसे जवळ ठेवा. आणि कराचं गणित: सोडतीच्या तिकिटाला करवजावट मिळत नाही आणि जेवणासाठी दिलेल्या पैशातून जेवणाची किंमत वजा करून उरेल तेवढीच देणगी धरतात.

आता जिवंत इतिहास. ही कल्पना युरोपातून रुजली. स्वीडनच्या आर्तुर हॅझेलियस यांनी 1891 साली स्टॉकहोममध्ये स्कान्सेन हे खुलं संग्रहालय उघडलं, तिथे जुनी घरं उचलून आणून मांडली आणि त्यांत त्या काळच्या पेहरावातली माणसं वावरू लागली. अमेरिकेत शरदातल्या छावण्यांत शिवण, लोहारकाम, तंबू, स्वयंपाक असं सगळं चालू असतं. पाहणाऱ्याला सगळ्यात बांधून ठेवते ती आग पेटवायची चकमक. आपण 'चकमक उडाली' रोज म्हणतो, पण प्रत्यक्षात ती झडताना किती जणांनी पाहिली आहे? पोलादाचा तुकडा गारगोटीवर घासला जातो, ठिणगी काळ्या जळक्या कापडावर पडते आणि तिथे लाल ठिपका धुमसू लागतो. मग ते कापड सुक्या तागाच्या घरट्यात ठेवून हळू फुंकर. धूर दाटतो आणि एकदम भडका. आठ-दहा वर्षांचं मूल तिथून हलत नाही. त्याहून लहान मुलं मात्र बंदुकांच्या बारांनी दचकून रडतात. गोळी नसते, आवाज खराच असतो.

कुणाचा इतिहास दाखवतात, हेही बघा. मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथच्या संग्रहालयात इंग्रज वस्तीतली माणसं सतराव्या शतकात असल्यासारखी बोलतात. शेजारच्या भागातली मूळ अमेरिकी माणसं मात्र भूमिका करत नाहीत; ती आजचीच असतात आणि आपल्या लोकांबद्दल आजच्या भाषेत बोलतात. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. छावणीत मूळ रहिवासी फक्त शोभेला उभे असतील, तर मुलांना अर्धाच इतिहास कळतो.

वेळेचं म्हणाल तर जेवण दोन तासांत आटपतं, छावणीला अख्खा दिवस आणि चिखलात चालतील असे बूट लागतात. गावात नवे असाल तर माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी जेवणाला जा, तेही शेवटी भांडी विसळायला थांबायच्या तयारीने. दूरच्या शहरातून एका दिवसासाठी येणार असाल तर छावणी निवडा, कारण जेवणाची खरी गोडी तिथे राहणाऱ्यालाच.

दोन्ही एकत्र हवं असेल, तर इंडियानात वॉबॅश नदीकाठी 1968 पासून भरणारा 'फीस्ट ऑफ द हंटर्स मून' हा मेळावा आहे. 1717 साली फ्रेंचांनी वसवलेल्या उइयाटेनॉन ठाण्यावर शरदात फ्रेंच आणि मूळ अमेरिकी लोक जमत, त्याची ही आठवण. जिल्ह्याची इतिहास संस्था तो भरवते आणि खाण्याचे बरेच ठेले स्थानिक स्वयंसेवी गट चालवतात. म्हणजे चुलीवरचं गरम जेवता जेवता गावाच्या डब्यात पैसे पडतात. गर्दी मोठी असते, सकाळी लवकर पोचा.