ए३ स्लायडर ड्रॉइंग बोर्ड : वन-पॉइंटला चोख, टू-पॉइंटला तोकडा

चित्रकलेच्या फाउंडेशनचा किंवा इंटिरिअरचा कोर्स सुरू होताना कोल्हापुरात महाद्वार रोडपासून राजारामपुरीपर्यंत स्टेशनरीच्या दुकानांत प्लास्टिकचा ए३ बोर्ड मागितला जातो. वर-खाली सरकणारी आडवी पट्टी, कागद धरणारा क्लॅम्प, सोबत गुण्या. पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे सपाट कागदावर खोली दाखवणारं रेखाटन, शिकायला तो घ्यावा का, एवढंच इथे पाहू.

वन-पॉइंटपुरता, म्हणजे खोल जाणाऱ्या रेषा एकाच बिंदूला मिळतात त्या पर्स्पेक्टिव्हपुरता, जरूर घ्यावा. भवानी मंडपाच्या कमानीसमोर सरळ उभं राहिलं की समोरच्या आडव्या रेषा आडव्याच दिसतात, उभ्या उभ्याच. आत खोल जाणाऱ्या तेवढ्या डोळ्याच्या उंचीवरच्या एका व्हॅनिशिंग पॉइंटकडे (रेषा जिथे मिळून नाहीशा होतात त्या बिंदूकडे) धावतात. आडव्या रेषा स्लायडरने, उभ्या गुण्याने, खोल जाणाऱ्या फूटपट्टीने मारायच्या. काम भराभर होतं. मात्र ओळीतल्या खांबांची अंतरं अंदाजाने कमी करू नका, तिथेच चित्र फसतं. पहिल्या खांबाच्या माथ्यापासून दुसऱ्या खांबाच्या मध्यातून तिरकी रेषा काढा; ती जमिनीच्या रेषेला जिथे छेदते तिथे तिसरा खांब. पुढचे सगळे असेच. या रेषा २एच पेन्सिलने, हात हलका ठेवून.

अडचण टू-पॉइंटला, म्हणजे इमारतीचा कोपरा समोर ठेवून दोन व्हॅनिशिंग पॉइंट घेताना, येते आणि ती गणिताची आहे. नजरेचा कोन ६० अंशांच्या आत राहिला तरच कडेच्या वस्तू ताणल्यासारख्या दिसत नाहीत. ए३ कागदाचा कर्ण सुमारे ५१ सेंमी, म्हणून कागद पूर्ण भरायचा तर डोळ्याचं कागदापासूनचं अंतर किमान ४५ सेंमी धरावं लागतं. इमारतीचा कोपरा ४५ अंशांत वळलेला असेल तर दोन व्हॅनिशिंग पॉइंट मध्यापासून दोन्हीकडे ४५-४५ सेंमीवर, म्हणजे एकमेकांपासून ९० सेंमीवर पडतात. कागद आहे ४२ सेंमी रुंद! विद्यार्थी मग दोन्ही बिंदू कागदाच्या कडेवर आणून बसवतात आणि घराचा कोपरा जहाजाच्या नाळेसारखा टोकदार होतो. दोष हाताचा नसतो, बोर्डाच्या रुंदीचा असतो.

बिंदू बाहेर टेबलावर घेता येतात. तिथे टाचणी, तिला शिवणाचा दोरा, दोरा ताणून दिशा घ्यायची. पण या बोर्डाची कड उंच असते, दोरा तिच्यावर अडतो. टाचणीखाली बोर्डाच्या जाडीइतके पुठ्ठे रचले आणि पट्टी वर सरकवून ठेवली की निभावतं.

घ्यायचाच असेल तर दुकानातच तपासा. पट्टी डाव्या टोकाला दाबून एक रेषा मारा, मग उजव्या टोकाला दाबून त्याच जागी दुसरी. ३० सेंमीत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फट दिसली तर खाच सैल आहे, दुसरा नग मागा. गुण्याचंही तसंच: उभी रेषा मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा मारा. दिसणारी फट खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे बारीक खोटही लपत नाही.

पर्स्पेक्टिव्ह मनापासून शिकायचं असेल तर आमचं मत फुल इम्पिरियल लाकडी बोर्ड आणि टी-स्क्वेअर (बोर्डाच्या कडेला टेकवून सरकवायची टी आकाराची पट्टी) यांच्या बाजूने आहे. रुंदी ३० इंच, म्हणजे ७६ सेंमी. त्यावर चित्र ए४ एवढंच काढा. डोळ्याचं अंतर ३२ सेंमीच्या आसपास येतं आणि ४५ अंशांचे दोन्ही बिंदू ६४ सेंमीत बोर्डावरच मावतात. ३०-६० अंशांच्या वळणाला एक बिंदू साधारण १८ सेंमीवर, दुसरा ५५ सेंमीवर. कागद एका बाजूला सरकवून चिकटवला की तेही बसतात. केएमटी बसच्या गर्दीत हा बोर्ड नेणं जिकिरीचं, हे खरं. पंचगंगा घाटावर स्केचिंगला जाताना ए३ न्यावा, मोठा बोर्ड घरच्या टेबलावर राहू द्यावा.