चुन्याचं प्लास्टर: भावाच्या डेव्हनमधल्या मातीच्या घराला लावलं, लग्नाच्या घाईतसुद्धा

मी अमळनेर तालुक्यातली. धाकटा भाऊ बावीस वर्षांपासून इंग्लंडला आहे, त्याने तिकडे डेव्हन भागात एक जुनं शेतातलं घर घेतलं आणि भाच्याचं लग्न त्याच घरी करायचं असं ठरवून टाकलं, घर अर्धं उघडं पडलेलं असताना. म्हणून मी मार्च ते जुलै तिथे होते. हा रिव्ह्यू कुठल्या कंपनीचा नाही, त्या घराला लावलेल्या चुन्याच्या प्लास्टरचा आहे. मुद्दाम लिहितेय, कारण आपल्या खान्देशात अजून कितीतरी धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची, घरं मातीच्या भिंतींवर उभी आहेत आणि लोक त्यावर सरळ सिमेंट थापतात, आमच्याकडेही थापलं होतं.

आधी घर कसं ते सांगते. मला वाटलं होतं इंग्लंडचं घर म्हणजे दगडाचं नाहीतर विटांचं असेल, गेले तर मातीच्या भिंती! तिकडे त्याला कॉब म्हणतात. आपण गारा तुडवतो ना, अगदी तसाच, चिकण मातीत काड तुडवून थरावर थर चढवायचे, खाली दगडाचं जोतं, भिंती दोन फुटांच्या वर जाड. फोनवर शेजारच्या मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तठे बी मातीना घरे शेतस का?" म्हणजे तिकडेही मातीची घरं आहेत का? शेतस ना, आणि तीनशे वर्षांची. डेव्हनमधले लोक म्हणतात की मातीच्या भिंतीला डोक्यावर चांगली टोपी आणि पायात चांगले बूट द्या, मग ती कुठे जात नाही. टोपी म्हणजे छप्पर, बूट म्हणजे जोतं. आपले म्हातारे पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकायचे ती टोपीच.

आता घोटाळा असा होता की आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी उत्तरेच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचं प्लास्टर केलेलं. पोर्टलंड सिमेंट १८२४ साली पेटंट झालं, म्हणजे हे घर बांधलं तेव्हा ते जगात नव्हतंच, त्या भिंतीला ते कसं मानवणार? वरून भिंत गुळगुळीत, पण ठोकली की पोकळ आवाज. गवंड्याने एक पत्रा निघावा तसा तुकडा काढला आणि मी आत हात घातला तर माती भाकरीच्या पिठासारखी ओली, बोट पेरभर आत गेलं. कारण साधं आहे, जमिनीतून ओल चढते, सिमेंटच्या भेगांतून पाऊस आत जातो, आणि एकदा आत गेलेलं पाणी सिमेंटमधून बाहेर यायला वाट नाही. माती कोरडी असेपर्यंतच भार घेते. अशा भिंती इंग्लंडात कोसळलेल्या आहेत, हे आम्हाला तिथल्या गवंड्यानेच सांगितलं.

पहिला बिल्डर आलेला तो म्हणाला पुन्हा सिमेंट मारतो, आतून जिप्सम बोर्ड लावतो, दहा दिवसांत घर चकाचक, लग्नाचे फोटो छान येतील. लग्न जूनच्या शेवटच्या शनिवारी आणि हे एप्रिल सुरू व्हायला आलं तेव्हा. वहिनी तर तयारच होत्या, पाहुणे येणार, नागपूर-नाशिकहून चौदा माणसं, त्यांना ओल्या घरात कुठे झोपवायचं, त्यांचं चुकत नव्हतं. पण भाऊ अडला. एक तर ते घर लिस्टेड, ग्रेड टू, म्हणजे जपायच्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीतलं, परवानगीशिवाय त्यात असे बदल करणं तिकडे गुन्हा आहे, नुसता दंड भरून सुटण्यासारखं नाही. चुन्याची परवानगी त्याने आदल्या वर्षीच काढून ठेवलेली. आणि दुसरं म्हणजे त्याला आमचं गावचं घर आठवत होतं, ते पुढे सांगते.

तर चुना. चुनखडी ९०० अंशांच्या आसपास भाजली की कळीचा चुना होतो, त्यात पाणी घातलं की विरतो, आणि भिंतीवर लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत चुनखडी होतो. म्हणजे दगडाचा पुन्हा दगड, पण पाण्याची वाफ आरपार जाऊ देणारा. भावाने आतल्या भिंतींना लोण्यासारखा भिजवलेला चुना घेतला, तो बादलीत पाण्याखाली महिनोन् महिने राहतो, खराब होत नाही, आणि फक्त दगडी जोत्याला हायड्रॉलिक लाइम, जो पाण्यानेही घट्ट होतो. त्याच्या २५ किलोच्या गोण्या येतात, त्यावर एनएचएल (नॅचरल हायड्रॉलिक लाइम) २, ३.५, ५ असे आकडे असतात, आकडा जितका मोठा तितका चुना कडक, मातीच्या भिंतीला मऊच बरा. इथे एक लक्षात ठेवा. एका दुकानातून आम्हाला हायड्रॉलिकच्या जागी हायड्रेटेड लाइम आला, नाव जवळजवळ सारखं, वस्तू वेगळी, तो तिकडे सिमेंटच्या मसाल्यात मिसळायला वापरतात. परत करण्यात चार दिवस गेले आणि दुकानदार चूक मानायला तयार नव्हता. गोणी फोडायच्या आधी नाव अक्षर अक्षर वाचा.

लावतानाचं काम मला फार आवडलं. पहिल्या थरात बकरीचे केस मिसळतात, पकड राहावी म्हणून. आधी भिंत पाण्याने शिंपून घ्यायची, मग गवंडी थापीने मसाला फेकतो, फटकन आवाज येतो, तो तिथेच चिकटतो. माझ्याकडे पाणी मारायचं काम होतं, सकाळ-दुपार-संध्याकाळ, त्यावर ओलं गोणपाट. थर सुकला की नाही ते अंगठ्याच्या नखाने बघायचं, नख उमटलं पण बोट रुतलं नाही की पुढचा थर. तीन थर. पाच अंशांच्या खाली थंडी गेली की काम बंद, एप्रिलमध्ये दोन वेळा रात्री दंव गोठायचं म्हणून आम्ही गोधड्या टांगल्या भिंतीवर, हो, लग्नात पांघरायला आणलेल्या गोधड्या. उत्तरेची भिंत तर महिनाभर नुसती उघडी ठेवली सुकायला, सडलेली माती काढून तिथे नवीन मातीच्या विटा बसवल्या.

वेळ जातो, हा याचा सगळ्यात मोठा दोष. तुमच्याकडे तारीख ठरलेली असेल तर झोप उडते. किंमत सिमेंटपेक्षा बरीच जास्त, मजुरी त्याहून जास्त. हाताला चरचरतं, माझ्या दोन बोटांची कातडी गेली, रबरी हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय जवळ जाऊच नका, डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. आणि सफेदी जाड मारली तर भुकटी सुटते. एका खोलीत घाईने जाड हात मारला गेला, तिथे वहिनींच्या पैठणीच्या पदराला पांढरं लागलं. दुधासारखी पातळ करून चार-पाच हात मारायचे. मारताना पाण्यासारखी दिसते, काहीच झालं नाही असं वाटतं, सुकली की पांढरी उमलते.

लग्नाचं सांगायचं तर कायद्याचं लग्न रजिस्टर ऑफिसला झालं, तिकडे आधी २८ दिवसांची नोटीस लागते, आणि घराला लग्नाची मान्यता नसेल तर घरी लागलेलं लग्न कायद्यात धरत नाहीत. विधी घरी. गोठ्यात मांडव घालायचा विचार होता पण छपरात वटवाघळं निघाली, त्यांना हात लावायला कायद्याने बंदी, मग शेतात तंबू ठोकला. वरण-बट्टी मी स्वतः केली, बट्ट्या ओव्हनमध्ये, वांग्याचं भरीत मात्र तिथल्या वांग्याचं जमलं नाही, ती चव आपल्या बामणोदच्याच वांग्याला.

हळदीच्या दिवशीचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. भाचा मला फुई म्हणतो, म्हणजे आत्या, पहिली हळद माझ्या हाताची. लावून झाली, मी उठताना आधाराला दाराशेजारच्या भिंतीला हात टेकला, तिथली सफेदी दोनच दिवसांची. हात काढला तर भिंतीवर पिवळी नाही, लालभडक बोटं! सगळे बघत राहिले. मला एकदम आजी दिसली, हळकुंडाला चुना लावून घरी कुंकू करणारी. हळद ताज्या चुन्याला लागली की लाल होते, तेच झालेलं. नवरीने मग स्वतःचा हात हळदीत बुडवून शेजारी उमटवला. भाऊ पुसू देईना. परवा त्याने फोटो पाठवला, रंग उतरत चाललाय, तांबूस सावली राहिलीय फक्त, पण भिंत कोरडी ठणठणीत आहे आणि तिकडे दोन महिने पाऊस पडतोय.

पाचपैकी साडेचार देईन. अर्धा वेळेचा कापला.

आता आमच्या घराचं. सासऱ्यांनी मोठ्या हौसेने मागच्या खोलीच्या मातीच्या भिंतीला सिमेंट केलं होतं, तेव्हा सगळं गाव तेच करत होतं. काळी जमीन, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंत थोडी हलणारच, सिमेंटला हलणं सोसत नाही. पोपडे पडले, मागून माती भुसभुशीत, वाळवी. भाऊ सुट्टीत आला तेव्हा त्याच खोलीत झोपायचा, ते त्याच्या डोक्यात बसलेलं. आपल्याकडे अडचण उलटी आहे, गोठणारं दंव नाही पण ४५ अंशांचं ऊन, चुना घट्ट होण्याआधीच वाळून तडकेल, म्हणून उन्हाळ्यात करूच नका, दिवाळीनंतर करा. गावात चुन्याचा हात असलेले एकच मिस्त्री उरलेत, पंच्याहत्तरी ओलांडलेले. त्यांना विचारलं तर म्हणाले चुना आत्तापासून भिजत घाला, त्यात घालायचं गुळाचं आणि बेलफळाचं पाणी मी आलो की बघू. कालच दोनशे लिटरच्या ड्रममध्ये कळीचा चुना टाकला, पाणी खदखदायला लागलं तसं नातवंडांना अंगणाबाहेर काढलं, आता वर चार बोटं पाणी ठेवून झाकून ठेवलाय.